मापावरची शीग

तीन वर्षांपूर्वी आंबेघोलच्या एसटी स्टँडसमोर तो खांब उभा राहिला, तेव्हा पहिले दोन दिवस लोक त्याच्याखालून जाताना केस सारखे करून जायचे. कॅमेरा असणार, असाच सगळ्यांचा समज. तिसऱ्या दिवशी कळलं, की खांबाला माणसांच्या तोंडात काडीचाही रस नाही. तो फक्त हवा ओढतो आणि तिच्यात काय तरंगतंय ते मोजतो. मग लोकांचाही त्याच्यातला रस संपला आणि कुणीतरी त्याच्यावर शिकवणीची जाहिरात चिकटवून टाकली.

गाव डोंगरांच्या वाटीत बसलेलं. पूर्वेला साखर कारखाना, पश्चिमेला घाट, आणि मधल्या रस्त्यावरून दसरा उलटला की होळीपर्यंत उसाचे ट्रॅक्टर. मोटारी केव्हाच विजेवर गेल्या होत्या. एसटी तर इतकी गुपचूप यायची, की स्टँडवर गप्पा मारत बसलेल्या म्हाताऱ्यांची गाडी त्यांच्या नाकासमोरून निघून जायची. पण दोन ट्रॉल्या ऊस घेऊन चढ चढायचा म्हणजे अजून डिझेलचंच इंजिन लागे. तेही डिझेल आता जुनं राहिलं नव्हतं. कारखाना उसाच्या चिपाडापासून डिझेल करायचा. त्यात गंधक नाही, काजळी तर नावालाच. ते निघालं त्या वर्षी चेअरमननी भाषणात 'आता आंबेघोलची हवा महाबळेश्वरची' असं ठोकून दिलं होतं. हवा काही महाबळेश्वरची झाली नाही. दसऱ्यानंतर गाव दरवर्षीसारखंच खोकायला लागलं. 'हंगामाचा खोकला' म्हणायचे त्याला. दरसाल येणाऱ्या पाहुण्याला का आलात म्हणून कुणी विचारत नाही, तसंच त्याचं झालं होतं.

सर्जेराव मिस्त्रींच्या घरी हा पाहुणा जरा जास्तच मुक्काम करायचा. त्यांची बायको मालन ऐन हंगामात दोन वाक्यं सलग बोलू शकत नसे. शेगडी विजेची, तंबाखूला कधी हात लावलेला नाही, तरी डॉक्टर म्हणाले होते, बाई, तुमची छाती जन्मभर चुलीपुढं बसल्यासारखी झालीय. राहायचं घर गॅरेजच्या मागेच होतं. रस्त्याची धूळ असणार, असं सर्जेराव म्हणायचे आणि अंगणात पाणी मारायचे.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही इंजिनाच्या आवाजावरून ते आजार सांगत. तालुक्यातले निम्मे जाणते ट्रॅक्टरवाले त्यांच्याकडेच यायचे. भाद्रपद संपता संपता एक दिवस तो खांब बसवणाऱ्या हवा केंद्रातल्या डॉ. ऋजुता हेरवाडे गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिशीतली बाई, पाठीवर पिशवी, पायात चिखलानं माखलेले बूट.

"मिस्त्री, काळा धूर कशाचा असतो?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"डिझेल नीट न जळल्याचा. निळा ऑइल जळल्याचा. हे शेंबडं पोरगं बी सांगंल."

"आणि धूर दिसतच नसेल तर?"

"तर इंजान माझ्या हातचं असंल."

बाई मनापासून हसल्या. मग त्यांनी चहाच्या कपाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवून दाखवलं. पिस्टन वरखाली पळतो तो लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, भिंतीवरच्या तेलाच्या पापुद्र्यावर, हे मिस्त्रींना सांगायची गरज नव्हती. पिस्टनवरच्या रिंगा तो पापुद्रा खरवडून खाली आणतात, पण थोडा वर राहतोच. दर स्फोटाला त्यातल्या थोड्या तेलाची वाफ होते. त्या वाफेतलं काही जळतं, बरंचसं न जळताच बाहेर पडतं. सायलेन्सरमधून थंड हवेत आलं, की वाफेचे थेंब होतात. ते इतके बारीक, की एका केसाच्या रुंदीत हजारभर शेजारी शेजारी बसावेत. शिवाय तेल टिकावं म्हणून त्यात कॅल्शियमचे, जस्ताचे क्षार घातलेले असतात. त्यांची राख होते आणि तीही बाहेर येते. काजळी निदान डोळ्यांना दिसते. हे कण दिसत नाहीत, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात.

"डिझेल घाण होतं तोवर ह्या तेलाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही," ऋजुता म्हणाल्या. "आता डिझेल स्वच्छ झालं. तेल होतं तिथंच आहे. आंबेघोलच्या हवेतले निम्म्याहून जास्त कण आता डिझेलचे नाहीत, ऑइलचे आहेत."

"हे तुमास्नी कसं कळलं? कण काय नाव सांगतोय व्हय आपलं?"

"सांगतो की."

गेल्या तीन वर्षांत इंजिन ऑइलवर एक नवा कायदा आला होता. तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची लांबलचक साखळी. हायड्रोजनला एक जड भाऊ आहे, वागायला अगदी तसाच, फक्त वजनानं दुप्पट. तेल कंपनीनं प्रत्येक खेपेत काही कड्यांवर हा जड भाऊ बसवायचा, आणि दर खेपेला वेगळ्या जागी. झाली त्या खेपेची खूण. तेल न जळता बाहेर पडलं, की खूण तशीच राहते. खांबावरचं यंत्र एकेक कण वजनाला लावायचं आणि खूण वाचायचं.

"गावात चारशे ट्रॅक्टर. त्यातल्या दीडशेंत तुमच्या खेपेचं ऑइल आहे," बाई सावकाश बोलत होत्या. "पण खूण असलेल्या दर दहा कणांतले सात तुमच्या खेपेचे निघतात. आणि दरवर्षी आकडा चढतो तो दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून."

सर्जेरावांच्या कपाळाची शीर तटतटली. "माझं एकबी इंजान ऑइल खात न्हाई. चला, उघडून दावतो."

"तुमचंच आहे असं मी म्हटलं नाही. त्या खेपेची बॅरलं दोन गॅरेजात जातात. त्यांपुढचं माझं यंत्र सांगू शकत नाही."

दुसरं गॅरेज पुलापलीकडे होतं, दिलावर शिकलगारचं. दिलावर हा सर्जेरावांचा पट्टशिष्य. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली राबलेला, मालननं पोटच्या पोरासारखा जेवू घातलेला. सहा वर्षांपूर्वी भर गर्दीत दोघांचं बिनसलं, आणि तेही तेलावरूनच.

सर्जेरावांचे वडील गावचे लोहार. सुगीला खळ्यावर बलुतं आणायला लहानगा सर्जेराव त्यांच्याबरोबर जायचा. पायलीनं धान्य मोजताना कुणी वर टोक येईपर्यंत शीग लावून माप द्यायचा, कुणी पायलीच्या काठावरून हात फिरवून सपाट. वाटेत वडील सांगायचे, "शिगेनं देतोय त्यो माणूस. सपाट देतोय त्यो कोता." हे पोराच्या मनात असं रुतलं, की पुढं मिस्त्री झाल्यावर त्यांनी ऑइललाही शीग लावली. तेल बघायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, दोन खुणा असतात, खालची आणि वरची. तेल वरच्या खुणेच्या पुढं जाऊ नये. सर्जेरावांच्या गॅरेजात ते नेहमी अर्धा लिटर पुढं जायचं. त्यावर खंडेनवमीला, हंगामासाठी तयार झालेले ट्रॅक्टर पूजेला आले, की वडिलांच्या पितळी मापानं आणखी अर्धा लिटर, स्वतःच्या बॅरलातून, फुकट. इंजिनाचा नैवेद्य! लोक हात जोडून उभे राहायचे.

दिलावर खुणेवर थांबायचा. एका खंडेनवमीला त्यानं गिऱ्हाइकासमोर म्हटलं, "वस्ताद, कंपनीनं खूण उगंच केलीय व्हय? बास झालं की." सर्जेराव त्याच्यावर उखडले. चाळीस माणसांपुढं म्हणाले, "तुझा हातच आखडता रं! कोत्या हाताच्या माणसाची माझ्यात जागा न्हाई." दिलावरनं हात पुसले आणि निघून गेला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बॅरलं मात्र अजून एकाच गाडीतून यायची, कारण विक्रेता दहाच्या खाली देत नसे आणि मालन दरवर्षी गुपचूप दोन्ही गॅरेजांची मिळून ऑर्डर देई. सर्जेरावांना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी हटकलं नाही.

गावानं निकाल लावायला आठ दिवससुद्धा घेतले नाहीत. दोन गॅरेजांतलं एक सर्जेरावांचं म्हटल्यावर दोष कुणाचा हे विचारायचं कशाला? नगरपंचायतीच्या बैठकीत ठरलं, दसरा झाला की दिलावरच्या गॅरेजला कुलूप. ऋजुताबाई म्हणाल्या, पुरावा नाही. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "बाई, मिस्त्रींचं इंजान धूर सोडतंय म्हणजे तुळस दारू पितीय म्हणायची." सगळे हसले. सर्जेराव कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि तेही काही बोलले नाहीत.

बाहेर पडताना ऋजुताबाईंनी त्यांच्या हातात डब्याएवढं एक यंत्र दिलं. "कण मोजतं. तुमच्या गॅरेजात वापरून बघा. मिस्त्री, इंजिनाचं मला पुस्तकातलं कळतं. तुम्हाला हातातलं कळतं."

गॅरेजच्या कोपऱ्यात लोखंडी घोड्यावर बसवलेलं एक चाचणीचं इंजिन होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कामगार जेवायला गेल्यावर सर्जेरावांनी ते सुरू केलं. नव्या रिंगा, नवं लायनर, सगळं त्यांच्या हातचं. तेलही त्यांच्या हातचं, अर्धा लिटर आणि वर नैवेद्याचा अर्धा. इंजिन तापू दिलं, सायलेन्सरपासून हातभर अंतरावर यंत्र धरलं. धूर पाहायला गेलं तर काही नव्हता. यंत्रावर आकडा आला पंच्याऐंशी हजार. साखरेच्या खड्याएवढ्या हवेत पंच्याऐंशी हजार कण.

त्यांनी इंजिन बंद केलं, खालचा नट सैल करून अर्धा लिटर तेल काढलं आणि पुन्हा सुरू केलं. चोपन्न हजार. आणखी अर्धा लिटर काढलं. डिपस्टिक पुसून बुडवली, तेल बरोबर वरच्या खुणेवर आलं होतं. सव्वीस हजार.

यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी काढलेलं तेल परत ओतलं. आकडा परत वर चढला. काढलं, उतरला. असं तीनदा केलं. खोटं बोलणारा माणूस तीनदा विचारल्यावर एकदा तरी चुकतो. हे यंत्र चुकेना.

मग ते इंजिनाशेजारच्या पेटीवर बसले. असं का होतं हे कळायला त्यांना बाईंची गरज नव्हती. तेल जास्त झालं, की पिस्टनखाली फिरणारा क्रँकचा दांडा त्याच्यात बुडतो, रवीनं ताक घुसळावं तसं तेल घुसळतो आणि लायनरवर उडवतो. रिंगांना ते सगळं खरवडता येत नाही. तेलाचा उडालेला तुषार हवेच्या नळीतून पुन्हा आत ओढला जातो आणि जळायला जातो. निळा धूर दिसावा इतकं ते तेल नव्हे, पण न दिसणारे कण त्यातूनच उडतात. चाळीस वर्षांपूर्वी कंपनीच्या शिबिरात त्यांनी हे ऐकलंही होतं. कंपनी कोती, म्हणून सोडून दिलं होतं.

मालन दाराच्या उंबऱ्यावर येऊन उभी होती. "कवापास्नं चालू-बंद करताय... काय म्हणतंय यंत्र?"

"दिलावर बरोबर हुता म्हणतंय."

मालननं उंबऱ्यावरूनच इंजिनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग त्याला सांगा की."

"त्याचं गॅरेज बंद करायलेत दसऱ्याला."

"मग त्यास्नीबी सांगा."

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! सर्जेरावांच्या डोक्यात दुपारभर एक विचार घोळत राहिला, आणि तो त्यांचा त्यांनाच आवडत नव्हता. आपण काहीच बोललो नाही तर? उद्यापासून मुकाट्यानं खुणेपर्यंतच तेल भरलं तर? दिलावरचं गॅरेज बंद होईल, आकडा खाली येईल, आणि सगळं गाव म्हणेल, बघा, दोष त्याचाच होता. खांबाला खेप कळते, हात कळत नाही. जन्मात कुणाला पत्ता लागणार नाही.

आत मालनला खोकल्याची उबळ आली. गॅरेजात इंजिन चाललं, की तिला हमखास यायची. आजवर हजारदा ऐकलेला तो खोकला सर्जेरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तीस वर्षं मागच्या घरात राहिलेल्या बाईच्या छातीत काय बसलंय, आणि ते कुणाच्या मापानं ओतलंय? शीग लावून दिलं होतं, फुकट दिलं होतं, आणि ते पहिल्यांदा तिच्याच पदरात पडलं होतं. त्यांना रडू आलं. हातातल्या तेलकट बोळ्यानंच त्यांनी डोळे पुसले, त्यामुळे डोळे आणखी चुरचुरले.

खंडेनवमीला सकाळी सातलाच ट्रॅक्टरांची रांग पुलापर्यंत गेली. धुतलेली बोनेटं, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. नगरपंचायतीचे अध्यक्ष आले होते, ऋजुताबाईही आल्या होत्या. सर्जेरावांनी पाना-हातोड्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पितळी माप हातात घेतलं. सगळे पुढं सरसावले.

"औंदा नैवेद्य न्हाई," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, मिस्त्री चेष्टा करतायत.

"औंदा दिल्यालं परत घ्यायचं हाय. अर्धा-अर्धा लिटर. मी आजवर तुमच्या इंजनात जादा ऑइल भरलं. दरसाल खंडेनवमीपास्नं गावात जे उडतंय ते त्याच ऑइलचं. दिलावरचा त्यात काडीचाबी संबंध न्हाई. त्यो खुणेवर थांबायचा, म्हणून मी त्याला हाकलला. यंत्रावर मोजलंय मी. कुणाला बघायचं आसंल तर इंजान तापवून ठेवलंय."

रांगेत कुजबूज झाली. अध्यक्ष खाली बघत फेटा सारखा करायला लागले. पहिल्या ट्रॅक्टरवरचे बापू चौगुले, मिस्त्रींचं सर्वात जुनं गिऱ्हाईक, खाली उतरून म्हणाले, "मिस्त्री, कुठलं काय घिऊन बसलाय? चाळीस वर्सं तुमी ओतताय. आमच्या इंजनाला काय झालं सांगा की?"

"इंजनाला न्हाई झालं, बापू," सर्जेराव म्हणाले. "मालनला झालं."

बापूंनी दाराकडे पाहिलं. तोंडाला पदर लावून मालन तिथं उभी होती. बापूंच्या घरीही हंगामात दोघं खोकायचे. ते मागं वळले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ट्रॅक्टरखाली घमेलं सरकवलं.

दुपारपर्यंत साठ ट्रॅक्टरांचं तेल उतरलं. ऋजुताबाई बाह्या सरसावून डिपस्टिका पुसत होत्या. सर्जेराव निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "कुलपाचा ठराव मागे घ्यायला मी अध्यक्षांना आत्ताच बसवते." आणि त्यांनी खरोखरच अध्यक्षांना गॅरेजातल्या स्टुलावर बसवलं.

सर्जेरावांनी आपली जुनी जीप काढली. पितळी माप शेजारच्या सीटवर ठेवलं. पूल ओलांडताना त्यांनी दोनदा जीप हळू केली.

दिलावरनंही लेथला हार घातला होता, पान्यांची पूजा मांडली होती. मिस्त्रींनीच तर त्याला ती शिकवली होती. जीप पाहून तो उठून उभा राहिला. चाळिशीचा गडी, कानशिलावर पांढरे केस आलेले. सकाळची बातमी त्याला फोनवर कळली असणारच, पण त्यानं तसं दाखवलं नाही.

"या वस्ताद."

"ऑइल बघ जरा," सर्जेराव बोनेट उघडत म्हणाले.

दिलावरनं डिपस्टिक काढली, पुसली, बुडवली, उजेडाकडे धरली. त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "कुणी काढलं ह्यातलं ऑइल?"

"मीच. सकाळी."

"जरा जास्तच काढलाईसा. खालच्या खुणेला टेकलंय." मग हळूच म्हणाला, "तुमास्नी सगळ्यातच शीग लागतीया."

सर्जेराव हसले. त्यांनी सीटवरचं माप उचलून दिलावरच्या हातात दिलं. "तू भर."

दिलावरनं नरसाळं लावलं, बॅरलातून माप भरून घेतलं आणि बारीक धार धरली. थांबला, पट्टी पुसून बघितली. पुन्हा थोडं ओतलं, पुन्हा बघितलं. घाई नाही, की सांडलवंड नाही. तेल वरच्या खुणेला लागलं, तेव्हा मापात अजून बोटभर उरलं होतं. ते वर ओतायचा मोह कुणालाही झाला असता. दिलावरचा हात जागीच थांबला. उरलेलं तेल त्यानं बॅरलात परत टाकलं.

सर्जेराव त्या हाताकडे बघत होते. चाळीस माणसांसमोर त्यांनी ज्याला नाव ठेवलं होतं, तो हाच हात.

"हात चांगलाय रं तुझा," ते म्हणाले. "माझ्या गॅरेजातल्या पोरांना शिकवशील?"